शब्द पाठ, तरी वाक्य अडतं

प्रश्न : मी एका दवाखान्यात रिसेप्शनवर आहे. रोज दहा इंग्रजी शब्द अर्थासकट पाठ करते, पण परराज्यातल्या पेशंटचा फोन आला की एक वाक्य धड जमत नाही. काय चुकतंय?

उत्तर : मेहनतीत तुम्ही कुठेच कमी नाही. पण बोलताना शब्द सुटा येत नाही, सोबत्यांसकट येतो. आपलं ‘लागणं’च घ्या. भूक लागते, फोन लागतो, वेळ लागतो, ठेचही लागते. या सगळ्यांना पुरणारा एक इंग्रजी शब्द शोधाल तर हमखास अडाल. ‘आय ॲम हंग्री’मध्ये लागणं उरतच नाही. फोन लागला नाही तर ‘आय कुडन्ट गेट थ्रू’, तास लागला तर ‘इट टुक ॲन अवर’. म्हणून वहीत आख्खं वाक्य उतरवा. ते कोण, कुणाला, केव्हा म्हणालं तेही.

तुमच्या टेबलावर रोज तीच पंधरा-वीस वाक्यं फिरत असणार. सुरुवात तिथूनच. ‘डॉक्टर पेशंट बघताहेत, जरा थांबता का?’ म्हणजे ‘द डॉक्टर इज विथ अ पेशंट. कुड यू होल्ड, प्लीज?’ फोन कानाला लावून मोठ्यानं म्हणा. नुसतं ‘वेट’ म्हटलं तर अर्थ पोचतो, पण हुकूम सोडल्यासारखं वाटतं. आजारी माणसाला ते लागतं.

कोश हवाच. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या हॉर्नबी यांचा, शिकणाऱ्यांसाठीचा कोश १९४२मध्ये निघाला. ऑक्सफर्डची ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ त्यातूनच आली. ती घ्या. उदाहरणाची वाक्यं आधी वाचा, अर्थ मागून.