मत्स्यालयातील माशांचे रोग : ओळख आणि उपचार

सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा. पाणी साठवून ठेवणे ही येथील घरोघरची जुनी रीत आहे. रांजण, पिंपे, सिमेंटच्या टाक्या आणि हौद यांत साठविलेले पाणी उघडे राहिले की त्यात डासांची पैदास होते. हिवताप व डेंग्यू यांना आळा घालण्याच्या उपायांपैकी एक म्हणून आरोग्य खात्याकडून गप्पी माशांचा उपयोग फार पूर्वीपासून केला जात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातील गप्पी पैदास केंद्र, शाळेच्या विज्ञान खोलीतील काचेची पेटी आणि शोभिवंत मासे पाळून चार पैसे मिळविणाऱ्या कुटुंबाच्या परसातील हौद ही तिन्ही वरवर भिन्न दिसत असली, तरी त्यांतील माशांना होणारे रोग बव्हंशी एकच आहेत. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर पैदास केंद्रातील मासे मेले तर गावातील टाक्यांत सोडण्यास मासे उरत नाहीत, आणि परसातील हौदात साथ आली तर त्या कुटुंबाचे भांडवलच बुडते. म्हणून या रोगांची ओळख गावपातळीवरील कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना असणे अगत्याचे आहे.

प्रथम पाणी, मग रोग

मासा ज्या पाण्यात राहतो त्यातच श्वास घेतो व त्यातच मलविसर्जन करतो. त्यामुळे मासे आजारी दिसताच औषधाच्या बाटलीकडे न वळता प्रथम पाण्याची तपासणी करावी. येथे एक साधी कसोटी उपयोगी पडते. पेटीतील सर्व मासे एकाच वेळी अस्वस्थ झाले असतील, तर दोष बहुधा पाण्यात असतो. आज एक, उद्या दोन, परवा चार अशा क्रमाने मासे आजारी पडत असतील, तर तो बहुधा जंतूंचा अथवा परजीवींचा प्रादुर्भाव असतो.

पाण्यातील दोष मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला दोष म्हणजे प्राणवायूची कमतरता. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांपलीकडे जातो. पत्र्याच्या छपराखालील पेटीत अशा वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाने हवा घेऊ लागतात. हे लक्षण पहाटे अधिक दिसल्यास कारण निश्चित समजावे, कारण रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू वापरतात. पेटी सावलीत हलविणे, हवेचा पंप चालू ठेवणे आणि माशांची संख्या कमी करणे हेच यावरील उपचार होत.

दुसरा दोष अमोनियाचा. उरलेले खाद्य व विष्ठा यांपासून अमोनिया तयार होतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी पुष्कळदा जड व अल्कधर्मी असते. पाण्याचा सामू 7 वरून 8 वर गेला तर अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट वाढतो. म्हणून इतरत्र खपून जाणारी अस्वच्छता येथे माशांच्या जिवावर बेतते. कल्ले लालभडक होणे, पर मिटून घेणे व तळाशी निपचित पडणे ही त्याची लक्षणे आहेत. दररोज एक चतुर्थांश पाणी बदलावे आणि दोन-तीन दिवस खाद्य बंद ठेवावे.

तिसरा दोष क्लोरिनचा. नळाचे पाणी अथवा ब्लिचिंग पावडर टाकलेल्या विहिरीचे पाणी थेट पेटीत ओतल्यास माशांचे कल्ले भाजतात. असे पाणी उघड्या भांड्यात 24 तास ठेवून मगच वापरावे. ग्रामपंचायतीच्या टाकीत ब्लिचिंग पावडर टाकल्यानंतर लगेच गप्पी मासे सोडू नयेत. आरोग्य सेवक आणि पाणीपुरवठा कर्मचारी यांनी परस्परांस दिवस कळविले, तर हे नुकसान सहज टळते.

पांढरे ठिपके

अंगावर व परांवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसणे आणि माशाने दगडांवर अंग घासणे ही या रोगाची खूण होय. इक्थिऑफ्थिरिअस नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे हा रोग होतो. हा जीव माशाच्या त्वचेखाली वाढतो, मग गळून तळाशी बसतो व विभागून शेकडो पिले सोडतो. ही पिले दोन दिवसांच्या आत नवा मासा न मिळाल्यास मरतात. औषध त्वचेखालील जीवापर्यंत पोहोचत नाही, ते केवळ पाण्यात पोहणाऱ्या पिलांवर चालते. त्यामुळे ठिपके नाहीसे झाले म्हणून उपचार थांबविल्यास रोग पुन्हा उलटतो. उपचार 10 ते 14 दिवस अखंड चालू ठेवावा.

हा रोग हिवाळ्यात रात्री पाणी अचानक गार झाल्यावर, तसेच नवे मासे आणल्यानंतर विशेष आढळतो. विजेच्या हीटरने पाण्याचे तपमान दिवसाला दोन अंशांप्रमाणे 30 अंशांपर्यंत न्यावे, हवेचा पंप चालू ठेवावा आणि लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात जाडे मीठ विरघळवून घालावे. गप्पी, मॉली व गोल्डफिश यांना हे मीठ सोसते. टेट्रा व मांगूर जातीच्या माशांना मात्र निम्मेच प्रमाण द्यावे.

कापसासारखी पांढरी वाढ : एक लक्षण, दोन रोग

तोंडावर अथवा अंगावर पांढरी लव दिसली की ती बुरशी समजण्याचा प्रघात आहे. येथेच निदानात मोठी चूक होते. खरी बुरशी जखमेवर धरते, तिचे तंतू लांब व कापसासारखे असतात आणि ती सावकाश पसरते. जखमी माशास वेगळ्या भांड्यात काढून मीठ अथवा मिथिलीन ब्लू वापरावे. हे औषध मुख्य पेटीत टाकू नये, कारण पाणी शुद्ध राखणारे उपयोगी जीवाणू त्याने मरतात.

दुसरा रोग जीवाणूजन्य असून तो कॉलम्नॅरिस या नावाने ओळखला जातो. यात ओठांभोवती आखूड, करडी-पांढरी लव दिसते व पाठीवर खोगिराच्या आकाराचा फिकट डाग उमटतो. गप्पी माशांना हा रोग चटकन जडतो. उन्हाळ्यात तो एक-दोन दिवसांत पेटी रिकामी करू शकतो. पाणी तापविल्याने पांढरे ठिपके बरे होतात, पण हा रोग मात्र उष्णतेने बळावतो. म्हणजे निदान चुकले तर उपचारच घातक ठरतो. अशा वेळी तपमान उतरवावे, गर्दी कमी करावी, आजारी मासे तत्काळ वेगळे काढावेत आणि पुढील औषधयोजना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावी. माणसांसाठी आणलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या कुटून पाण्यात टाकण्याची प्रथा सर्वथा त्याज्य आहे. तिच्यामुळे औषधास न जुमानणारे जंतू निपजतात.

इतर रोग

पर व शेपटी कडेने पांढरी होऊन झिजणे हा अस्वच्छ पाण्याचा परिणाम होय. आठवडाभर नित्य पाणी बदलल्यास व थोडे मीठ घातल्यास तो बहुधा आटोक्यात येतो. पोट फुगून खवले उभे राहणे हे जलोदराचे लक्षण असून यात आतील इंद्रिये निकामी झालेली असतात. असा मासा क्वचितच वाचतो, म्हणून त्यास वेगळे करून इतरांस वाचविणे श्रेयस्कर. गोल्डफिश तिरपा अथवा उलटा पोहत असेल, तर अतिखाद्य हे संभाव्य कारण असते. दोन दिवस उपाशी ठेवून पाहावे. डोळ्यांना दिसणारी माशांची ऊ व नांगरकृमी चिमट्याने हळुवार काढावेत. ऊ आपली अंडी काचेवर व दगडांवर चिकटविते, म्हणून रिकामी पेटी उन्हात खडखडीत वाळवावी.

मात्रेचे गणित

औषधाची मात्रा अंदाजाने देऊ नये. लांबी, रुंदी व पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकारास 1000 ने भागले की लिटर मिळतात. 60 सें.मी. लांब व 30 सें.मी. रुंद पेटीत 25 सें.मी. पाणी असेल तर ते 45 लिटर होते. लिटरला 2 ग्रॅम याप्रमाणे तीस 90 ग्रॅम मीठ लागेल. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद व अर्धा मीटर खोल पाण्याच्या हौदात 1000 लिटर पाणी असते, तेथे 2 किलो मीठ लागेल. हे उदाहरण विद्यार्थ्यांकडून सोडवून घेण्यासारखे आहे. पाणी बदलताना जितके पाणी काढले तितक्यापुरतेच मीठ पुन्हा घालावे, कारण मीठ उडून जात नाही.

दक्षता

कोलकाता, चेन्नई किंवा मुंबई येथून आलेले नवे मासे तीन आठवडे वेगळ्या पेटीत ठेवावेत. त्यांची जाळी व बादली वेगळी असावी. हातावर जखम असलेल्या विद्यार्थ्यांना पेटीत हात घालू देऊ नये. माशांच्या क्षयास कारणीभूत होणारा एक जीवाणू जखमेतून माणसाच्या त्वचेत शिरतो व बराच काळ न भरणारी गाठ उत्पन्न करतो. मॅलेकाइट ग्रीन हे शोभिवंत माशांच्या काही औषधांत असते, परंतु खाण्याच्या माशांसाठी ते निषिद्ध आहे. असे औषध शेततळ्यातील कटला-रोहूस कदापि वापरू नये.

सर्वांत महत्त्वाची दक्षता सार्वजनिक पाण्याची आहे. आजारी मासे अथवा पेटीतील पाणी सिद्धेश्वर तलाव, एकरूख तलाव किंवा उजनी जलाशय यांत टाकू नये. मृत मासे चुना टाकून पुरावेत व पाणी झाडांच्या आळ्यात जिरवावे. 1988 मध्ये ईशान्य भारतात शिरलेल्या व्रणरोगाच्या साथीने देशातील गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसायाची मोठी हानी केली, हे विसरता येत नाही. उजनीत परदेशी चिलापीने बसविलेले बस्तानही सर्वांना परिचित आहे. गप्पी मासाही मूळचा परदेशीच असल्याने तो बंदिस्त टाक्या व हौद यांपुरताच ठेवावा.

2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनासही अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. त्यात सर्वसाधारण गटासाठी प्रकल्पखर्चाच्या 40 टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींसाठी 60 टक्के मर्यादा ठरविण्यात आली. मात्र साहाय्य मिळून हौद बांधला तरी रोगाचे ज्ञान नसेल तर तो रिकामा राहतो. कारण न समजता मासे मरत असल्यास जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी अथवा उदगीर (जि. लातूर) येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयाशी संपर्क साधावा.

रोज सकाळी खाद्य टाकताना दोन मिनिटे माशांकडे पाहणे हेच अखेर सर्वांत स्वस्त औषध आहे. खाद्यावर न आलेला मासा ज्याच्या ध्यानात पहिल्याच दिवशी येतो, त्याची पेटी सहसा रिकामी होत नाही. शाळेत विद्यार्थ्यांकडे पाळीपाळीने हे काम सोपवून त्याची नोंदवही ठेवली, तर मासेही वाचतील आणि निरीक्षणाची सवयही मुलांच्या अंगी बाणेल.