दृष्टिबाधित बालक आणि पुस्तक : एक टिपण

आमच्या नेत्रविभागात येणाऱ्या पालकांच्या तोंडून एक वाक्य आम्ही वारंवार ऐकतो : "दिसू लागले की मग पुस्तके आणू." त्या वाक्यातील आशा आम्हांस समजते, परंतु तिच्या भरवशावर बालकाची दोन-तीन मोलाची वर्षे निघून जातात, हेही आम्ही पाहिले आहे. यात आमचाही दोष आहे. अकाली जन्मामुळे डोळ्यांच्या आतील पडद्यास इजा झालेली एक बालिका तीन वर्षांची असताना आमच्याकडे आली होती. शस्त्रक्रियेने आता लाभ होणार नाही, एवढेच सांगून आम्ही तिला परत पाठविले. ती पुन्हा आली तेव्हा पाच वर्षांची झाली होती. तिच्या हाती पुस्तक दिले तर तिने ते हुंगले, वाजवून पाहिले आणि बाजूस ठेवले. गोष्टी तिला पुष्कळ येत होत्या. मात्र गोष्ट पुस्तकात असते, हे तिला ठाऊक नव्हते. डोळस मूल ही गोष्ट कोणी न शिकविता आईच्या मांडीवर शिकते.

पहिला प्रश्न असतो तो उरलेल्या दृष्टीचा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार, चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ ते ३/६० या मर्यादेत असेल तर ती अल्पदृष्टी, आणि त्याहून कमी असेल तर अंधत्व होय. अल्पदृष्टीचे बालक पुस्तक नाकाशी धरते, मान वाकडी करते, आणि घरातील मंडळी त्याला रागावतात. त्यांना आमची विनंती आहे की, रागावू नये. पुस्तक जवळ धरल्याने डोळे बिघडत नाहीत. अक्षर मोठे दिसावे म्हणून बालकाने शोधलेला तो उपाय असतो. अशा बालकासाठी पानावर एकच ठळक चित्र, काळ्या-पांढऱ्यासारखा स्पष्ट रंगविरोध आणि पाठीमागून येणारा प्रकाश, एवढे पुष्कळ होते.

ज्यांना काहीच दिसत नाही, त्यांच्यासाठी उठावाची चित्रे असलेली पुस्तके आम्हांस प्रेमाने भेट मिळतात. त्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करूनही एक अनुभव सांगणे भाग आहे. चौकोनावर त्रिकोण काढला की घर होते, ही डोळ्यांची समजूत आहे. ज्या बोटांना घर म्हणजे उंबरठा, कडी आणि गार फरशी, त्यांना त्या रेषांत घर सापडत नाही. प्रथम वस्तू, मग वस्तूचा तुकडा, आणि रेषा सर्वांत शेवटी, हा क्रम आम्हांस हितावह वाटतो.

म्हणून आम्ही गोष्टीच्या पेट्या तयार केल्या. चिमणी-कावळ्याची गोष्ट आपल्याकडे कोणत्या घरी ठाऊक नाही? कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. त्या पेटीत मेणाचा गोळा, काड्यांचे घरटे आणि मऊ कापडाचे पक्षी असतात. रुग्णालयात गोवरी आणण्यास परिचारिकांनी हरकत घेतली, आणि ती योग्यच होती; तेव्हा गोवरीचा तुकडा पालकांनी घरीच घ्यावा व नंतर हात धुवावेत, असे ठरले. वर उल्लेखिलेल्या बालिकेने गोवरी आणि मेण दोन्ही पाण्याच्या वाटीत घातले. काही वेळाने गोवरी बोटांत विरू लागली, मेण तसेच राहिले. "मग कावळ्याने मेणाचे का नाही बांधले?" असे तिने आईला विचारले. ही गोष्ट ती पूर्वी अनेकदा ऐकून होती. हा प्रश्न मात्र प्रथमच आला.

वस्तू दाखविताना बालकाचा हात धरून ओढू नये. आपला हात त्याच्या हाताखाली ठेवावा, म्हणजे त्याला नको असेल तेव्हा हात काढून घेता येतो. "बघ" हा शब्दही टाळण्याचे कारण नाही.

ब्रेलविषयी पालकांच्या मनात उगाच धास्ती असते. भारतीय भाषांसाठी १९५१ पासून 'भारती ब्रेल' ही समान पद्धती आहे. सहा टिंबांचे एक घर. 'आई' हा शब्द दोन घरांत मावतो. स्वर आणि त्याची मात्रा यांना एकच चिन्ह असते, आणि 'कि' मधील वेलांटी उच्चाराप्रमाणे 'क' च्या नंतरच येते. आईवडिलांना ही लिपी बोटांनी वाचावी लागत नाही, ती डोळ्यांनी शिकता येते. सहा खळग्यांच्या अंड्यांच्या ट्रेमध्ये लिंबे ठेवून बालकासह खेळत खेळत आरंभ करावा. साध्या चित्रपुस्तकाच्या पानावर पारदर्शक पट्टीवरील ब्रेल चिकटविले की आई आणि मूल एकच पुस्तक वाचू शकतात.

ध्वनिपुस्तके उत्तम आहेत आणि ती अवश्य ऐकवावीत. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात दिव्यांगांसाठी सुलभ प्रती करण्याची मुभा मिळाली, आणि २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. तथापि 'दिन' आणि 'दीन' यांतील भेद केवळ कानाने पक्का होत नाही. शब्द बोटांखालून जावा लागतो.

पेट्या पंधरा दिवसांसाठी घरी दिल्या जातात. त्या परत येतात तेव्हा काही वस्तू हरवलेल्या असतात, मेण तर बहुधा संपलेले असते. त्याचा खर्च आम्ही आनंदाने सोसतो. उपरोक्त बालिकेच्या आईने जुन्या साडीच्या पानांचे एक पुस्तक स्वतः शिवले आहे. त्यात वेलचीची पुरचुंडी आहे, वडिलांच्या सदऱ्याचे बटण आहे, आणि प्रत्येक पानावर ब्रेलमध्ये एकेक शब्द आहे. मागील भेटीत बालिकेने ते पिशवीतून काढले, उलटे होते ते सरळ केले आणि पहिल्या पानावरील दोन घरांवरून बोट फिरवून "आई" असे वाचले. नंतर तिसऱ्या पानावरचे बटण सुटले आहे, ते कोणी शिवून देईल का, अशी तिने परिचारिकेकडे विचारणा केली.