पोटाचा घेर

आपले निघोजे गाव खेड तालुक्यात. पूर्वी गावची माणसे दिवसभर शेतात राबत. आता शेजारी चाकणचे कारखाने आहेत. पुष्कळांचे काम यंत्रापाशी उभ्याने किंवा बसून होते. जेवण मात्र तेवढेच राहिले. वर वडापाव आणि गोड चहा आला.

अंग राबले नाही, की जादा अन्नाची चरबी होते. ती पोटात साठते. मग रक्तात साखर वाढते, रक्तदाब चढतो. पुढे हृदयाला धोका होतो.

कोणी म्हणेल, “मी तर सडपातळ. मला कशाची भीती?” तसे समजू नका. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉक्टर युडकिन यांनी २००४ साली आपल्या दोघांचीच मापे जगापुढे मांडली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण शंभर भागांत युडकिनांच्या अंगात चरबी सुमारे ९ भाग, तर याज्ञिकांच्या अंगात २१ भाग!

म्हणून नुसता वजनकाटा पाहून भागत नाही. आपण कमरेला टेप लावून बघू. घेर पुरुषाचा ९० आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा.

ताटात भाकरी-भात बेताचा घेऊ. डाळ, उसळ, पालेभाजी वाढवू. साखर नि तळण कमी करू. रोज अर्धा तास भरभर चालू. वर्षातून एकदा दवाखान्यात साखर व रक्तदाब तपासून घेऊ.