दुष्फेन पाणी आणि घरातील मोरी

विहिरीच्या अथवा कूपनलिकेच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि पाणी तापविण्याच्या बंबाला आतून पांढरा थर धरतो, हा अनुभव दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात पुष्कळांचा आहे. अशा पाण्यास शास्त्रात 'दुष्फेन' म्हणतात. बंबातील थर डोळ्यांस दिसतो; परंतु मोरीच्या नळीतील थर पाणी तुंबेपर्यंत कोणाच्या ध्यानी येत नाही.

पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून किंचित आम्ल बनते व खडकांतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आपल्यात विरघळवून घेते. भारतीय मानकाप्रमाणे (२०१२) पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. समजा, पाण्याची कठीणता ४०० आहे व घरात रोज २०० लिटर पाणी वापरले जाते, तर दिवसाकाठी ८० ग्रॅम क्षार घरातून जातात. बहुतेक वाहून जातात. पण पाणी तापले किंवा नळीत साचून सुकले की काही अंश चुन्याच्या रूपाने चिकटून राहतो. साबणाशी संयोग होऊन चिकट साकाही तयार होतो. त्यात केस व तेलकटपणा अडकला म्हणजे नळीचे तोंड अरुंद होत जाते.

उपाय करताना क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम जाळी काढून केस व गाळ काढावा. नंतर धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून ओतावा, म्हणजे तेलकट साका सुटेल. नळी प्लॅस्टिकची असल्यास उकळते पाणी ओतू नये. तासाभराने भरपूर पाणी सोडावे आणि मगच शिरका ओतून रात्रभर ठेवावा. साका न काढता आम्ल ओतल्यास ते चुन्यापर्यंत पोहोचत नाही. सोडा व शिरका एकदम ओतल्यास फेस खूप येतो, परंतु दोन्ही एकमेकांस निष्प्रभ करतात. बाजारातील नेहमीचा एक लिटर शिरका फार तर ४० ग्रॅम चुना विरघळवितो. म्हणून जुन्या, जाड थरासाठी नळीचा वाक उघडून तो खरवडणेच योग्य.

एक धोका सर्वांनी ध्यानात ठेवावा. शौचालय धुण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कदापि एकत्र करू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो व बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो. अशा कामी दार-खिडकी उघडी ठेवावी, लहान मुलांस दूर ठेवावे, आणि सफाईसाठी कोणास बोलाविल्यास नळीत आधी काय ओतले आहे, हे त्यास अवश्य सांगावे.

शिक्षकांनी दोन बाटल्यांत पावसाचे व विहिरीचे पाणी घेऊन साबणाचे सारखेच थेंब टाकून हलवून दाखवावे. फेसातील फरक मुलांस लगेच उमजेल. बंबातील खपलीवर शिरक्याचा थेंब टाकल्यास बुडबुडे उठतात. चुन्याची ती खूणच होय.

पाण्यातील हे क्षार आपल्या भूमीचेच देणे आहे. ते टळत नाही. परंतु महिन्यातून एकदा मोरीकडे लक्ष दिल्यास सांडपाणी अंगणात साचणार नाही व डासांचा उपद्रवही कमी होईल.