जुनेराची सेवा

वाचन : यिर्मया ३८:१-१३, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२, २ करिंथ ८:१६-२२

पाठाचा हेतू : जुन्या कापडाच्या पिशव्या शिवून गरजूंसाठी निधी उभारताना आपले मन, हात आणि हिशेब कसे असावेत हे समजून घेणे.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील भगिनींनी हंगामाच्या सणाला रुग्णसाहाय्य निधीसाठी चाळीस पिशव्या शिवल्या. दिवस थोडे होते. धर्मकार्यासाठीच तर आहे, असे म्हणून विरलेले कापडही आम्ही चालवून घेतले. पुढच्याच आठवड्यात एका बंधूंच्या पिशवीचा बंद भर बाजारात तुटला आणि बटाटे रस्त्यावर घरंगळले. ते आम्हाला काही बोलले नाहीत; पण पुढच्या सणाला त्यांनी पिशवी न घेता नुसतेच पैसे ठेवले. ते पैसे घेताना आम्हाला लाज वाटली. आमच्या कामावरचा विश्वास गेला होता, दया तेवढी उरली होती. त्यानंतर आम्ही पवित्र शास्त्र उघडून बसलो.

एबद-मलेखाच्या चिंध्या

बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला होता. सरदारांनी यिर्मया संदेष्ट्याला दोरांनी हौदात सोडले. आत पाणी नव्हते, चिखल होता. त्यात तो रुतला. राजवाड्यातील एबद-मलेख नावाचा कूशी मनुष्य राजा सिद्कीयाकडे गेला व त्याने परवानगी मिळवली. मग तो खजिन्याखालच्या खोलीत गेला आणि तेथून जुनी वस्त्रे व चिंध्या घेऊन आला. त्या त्याने दोरांनी खाली सोडल्या आणि दोर काचू नये म्हणून बगलेत घ्यायला सांगितल्या.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेऊ. यिर्मयाला खाली सोडले तेही दोरांनी आणि वर काढले तेही दोरांनीच. फरक होता तो त्या चिंध्यांचा, म्हणजे दुसऱ्याला काय दुखेल याचा आधी विचार करणाऱ्या मनाचा. दुसरी गोष्ट अशी की, वर खजिना होता, तरी त्या घटकेला कामी आले ते खालचे जुनेर. आपल्या ट्रंकेच्या तळाशी पडलेल्या कापडाचेही देवाच्या हाती असेच काम असू शकते.

१. कापड पारखून घ्यावे

बेळगावकडच्या घरांतून इरकली लुगडी व खणाचे तुकडे निघतात, इंदूर-ग्वाल्हेरकडे महेश्वरी व चंदेरी. लुगडे पायाशी व बसण्याच्या जागी आधी विरते. काठ दाट विणीचे असल्याने टिकतात. म्हणून कापड उजेडासमोर धरून पाहावे व दोन्ही हातांनी ताणावे. चरकन आवाज आला तर ते पिशवीला घेऊ नये. इरकलीचे अंग सुती, पण पदर रेशमी असतो. जुन्या रेशमाला घडीवर चिरा पडतात. तो पदर किंवा झिरझिरीत चंदेरी वापरायची असेल, तर आत जाड सुती चादरीचे अस्तर लावावे आणि भार अस्तरावर येऊ द्यावा. ओले पांढरे फडके चोळून रंग जातो का तेही पाहावे.

आणखी एक. कापण्यापूर्वी देणाऱ्याला विचारावे. एका वृद्ध भगिनीने आपल्या लग्नातले लुगडे आणून दिले. कात्री लावण्याआधी आम्ही त्यांना पुन्हा विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "पेटीत कसर खाईल, त्यापेक्षा कोणाचं औषध येऊ दे." त्यातला काठाचा एक तुकडा आम्ही त्यांना परत दिला.

२. शिवण पक्की असावी

यापो येथील टबीथा, म्हणजे दुर्कस, मरण पावली तेव्हा विधवांनी रडत रडत पेत्राला तिने केलेले अंगरखे व वस्त्रे दाखवली. तिचे काम दाखवण्याजोगे होते. आपलेही तसेच असावे.

बाजारहाटाच्या पिशवीसाठी ४० सेंटिमीटर रुंद व ४६ सेंटिमीटर उंच असे दोन तुकडे घ्यावेत. बाजूंना व तळाला दुहेरी शिवण घालावी, तोंडाला ४ सेंटिमीटर दुमड द्यावी. बंदासाठी ६० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद पट्टी चौपदरी दुमडून शिवावी. बंद जोडताना चौकोन शिवून आत फुली मारावी. आमचे बटाटे सांडले ते ही फुली नव्हती म्हणून. विक्रीपूर्वी प्रत्येक पिशवीत पाच किलो धान्य घालून ती थोडा वेळ खुंटीला टांगावी.

अशा पिशवीची आज गरजही आहे. ३१ डिसेंबर २०२२ पासून देशात १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे.

३. हिशेब उघडा असावा

यरुशलेमेतील गरजू पवित्र जनांसाठी वर्गणी नेताना पौलाने तीताबरोबर आणखी बंधू पाठवले, कोणाला बोट दाखवण्यास जागा राहू नये म्हणून. उलट यहूदाजवळ पैशांची थैली होती आणि त्यातले तो चोरत असे (योहान १२:६). म्हणून दोघांनी मिळून पैसे मोजावेत. दोरा, सुया व अस्तराचा खर्च वेगळा लिहावा आणि शिल्लक किती राहिली ते मंडळीला सांगावे. मात्र मदत कोणाला दिली ती नावे फलकावर लावू नयेत. एबद-मलेखाने यिर्मयाचे अंग जपले. आपण गरजूचा मान जपावा.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी

अर्धी भरलेली लहान बादली सुतळीने मुलाच्या हातावर क्षणभर टांगावी. मग हातावर जुन्या कापडाची घडी ठेवून पुन्हा टांगावी. काय फरक पडला, ते मुलालाच सांगू द्यावे. त्यानंतर एबद-मलेखाची गोष्ट सांगावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपण देवाला उरलेले देतो की निवडलेले? जुने कापडही निवडून देता येते का?
२. एबद-मलेखाने राजाकडे जाण्याचा धोका पत्करला. आपल्या मदतीत आपण काय पत्करतो?
३. आपल्या मंडळीत आज हौदात कोण आहे? त्याला दोराबरोबर आणखी कशाची गरज आहे?

यरुशलेम पडेल तेव्हा एबद-मलेखाचा जीव राखण्याचे वचन देवाने आधीच दिले (यिर्मया ३९:१५-१८). त्याने देवावर भाव ठेवला होता. मूठभर चिंध्या नेणारा तो मनुष्य देवाच्या दृष्टीआड झाला नाही. आपण घातलेला टाकाही त्याच्या दृष्टीआड होणार नाही. तो पक्का घालण्यास प्रभू आपल्याला साहाय्य करो.