बहुपयोगी स्नोबोर्डची निवड : नांदेड-लातूरहून परदेशी गेलेल्यांसाठी

नांदेड व लातूर जिल्ह्यांतून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिका-कॅनडात गेलेल्या नवागताला आकाशातून पडणारा बर्फ ठाऊक असतो तो गारपिटीचा, 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यातील रब्बी झोडपून काढणारा. त्यामुळे उतारावरचा बर्फ सगळीकडे सारखाच, असे त्याने धरून चालणे स्वाभाविक असले, तरी स्नोबोर्डची, म्हणजे दोन्ही पाय आडवे बांधून घसरण्याच्या फळीची, निवड नेमकी तेथेच चुकते. कोलोराडो व युटातील हिम बहुधा कोरडे व भुसभुशीत असते, तर टोरांटोच्या आसपासच्या टेकड्यांवर ते वितळून पुन्हा गोठल्याने फरशीसारखे कठीण होते.

'ऑल-माउंटन' या नावाने विकली जाणारी फळी सर्व प्रकारच्या उतारांना चालते असे म्हटले जात असले, तरी ती मुळात तडजोड असते आणि ही तडजोड कोणीकडे झुकली आहे, हे तिच्या बाकावरून कळते. सपाट जमिनीवर ठेवलेल्या फळीचा मध्यभाग कमानीसारखा उचललेला राहिल्यास त्या बाकास 'कॅम्बर' म्हणतात. स्वाराच्या वजनाने कमान दबून पोलादी कड लांबवर टेकते व कठीण बर्फावर पकड मिळते, मात्र नवशिक्याची कड अवचित रुतून तो आपटण्याचा संभवही वाढतो. याउलट, होडीसारखी टोके उचललेला 'रॉकर' भुसभुशीत हिमावर तरंगतो आणि चुका पोटात घालतो, पण गोठलेल्या उतारावर निसटतो. बहुतेकांना पायांखाली कॅम्बर व टोकांना रॉकर असा मिश्र बाक पुरतो; टोरांटोच्या परिसरात राहणाऱ्याने त्यातही कॅम्बरला झुकते माप द्यावे.

फळी हनुवटीला लावून लांबी ठरवण्याची रीत सोपी असली तरी फसवी आहे, कारण फळी वाकते ती वजनाने, उंचीने नव्हे. म्हणून उत्पादकाचा वजनाचा तक्ता पाहावा. रुंदी बुटावरून ठरते : फळी अरुंद असल्यास वळताना बोटे बर्फाला घासतात, त्यामुळे साधारणतः युरोपीय 44 मापापुढच्या पायांना रुंद फळी लागते. लवचिकता एक ते दहा अशा अंकांत सांगितली जात असली, तरी प्रत्येक उत्पादकाची मोजणी वेगळी असल्याने दोन कंपन्यांचे अंक ताडून पाहण्यात अर्थ नाही. नवशिक्याला मऊ ते मध्यम फळी सोयीची.

पहिल्या हंगामात फळी भाड्याने घ्यावी आणि खर्च करायचाच असेल तर तो आधी पायात घट्ट बसणाऱ्या बुटांवर, शिरस्त्राणावर व मनगटरक्षकांवर करावा, कारण नवशिके पडताना हात टेकतात आणि मनगटच मोडून घेतात.