गॉडझिला हळू का चालतो?

शीर्षक वाचून ‘सबमिशनच्या दिवसांत हे काय नवीन?’ असं वाटलं असेल. पण जरा थांबा. हा लेख एका फसलेल्या व्हिडिओ गेमबद्दल आहे आणि आपल्या अभ्यासातल्या एका साध्या नियमाबद्दलही. दोघांचा संबंध मला मागच्या सेमिस्टरला कळला, तोही आपटी खाल्ल्यावर! (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीच्या चुका पोटात घालाव्यात.)

माझी रूममेट गॉडझिलाची वेडी आहे. दादाचा जुना प्लेस्टेशन ४ ती हॉस्टेलवर घेऊन आली आणि रेक्टर मॅडमच्या परवानगीने रविवारी कॉमन रूमच्या टीव्हीला जोडू लागली. गेमचं नाव नुसतंच ‘गॉडझिला’. नात्सुमे अटारीने बनवलेला, बांदाई नामकोने काढलेला. जपानमध्ये डिसेंबर २०१४ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला आणि २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४ वर. समीक्षकांनी तो अक्षरशः झोडपला.

खेळून पाहिल्यावर मलाही त्यांचं पटलं. शहरात शिरा, जनरेटर फोडा, मध्येच आलेल्या राक्षसाशी लढा, पुढच्या शहरात पुन्हा तेच. वळायचं तर वेगळी बटणं दाबायची, तोवर समोरचा दोन फटके देऊन मोकळा! आणि चाल? लग्नात जेवून उठलेल्या काकांसारखी. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “अगं, हा गॉडझिला आहे की बंद पडलेली एस.टी.?” सगळ्या हसल्या. ती एवढंच म्हणाली, “वजन आहे गं त्याला.” मला तेव्हा ते फॅनचं समर्थन वाटलं.

मग आमचा मिनी प्रोजेक्ट आला. चार पायांचा चालणारा रोबो. पंधरा सेंटिमीटर उंचीचं मॉडेल टेबलावर झकास चाललं. रिव्ह्यूत छाप पाडायची म्हणून आम्ही सगळी मापं तिप्पट केली. अ‍ॅक्रिलिक तीन मिलिमीटरचं होतं, ते नऊचं घेतलं. मोटारी पाच-सहा पट ताकदीच्या बसवल्या आणि निर्धास्त झालो. रिव्ह्यूच्या दिवशी रोबोने एक पाय उचलला, थरथरला आणि सरांच्या पुढ्यात बसला. तो काही परत उठला नाही.

रात्री रूममेटने माझ्या जर्नलच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. मापं तिप्पट केली की आकारमान, म्हणजे वजन, ३ × ३ × ३ = २७ पट होतं. पायाच्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र ३ × ३ = ९ पटच. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा ताण तिप्पट. मोटारीचं तर आणखी वाईट: वजन २७ पट, पायाची लांबी ३ पट, म्हणून टॉर्क ८१ पट हवा. आम्ही दिला पाच-सहा पट! हाच तो स्क्वेअर-क्यूब लॉ. गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात हाडांचं उदाहरण देऊन तो समजावला होता. आम्ही तो पाठ केला होता, वापरला नव्हता.

“आता गॉडझिला बघ,” ती म्हणाली. १९५४ च्या तोहो कंपनीच्या पहिल्या चित्रपटात तो ५० मीटर उंच आहे. प्रत्यक्षात आत हारुओ नाकाजिमा नावाचा नट, सुमारे १०० किलोचा रबरी पोशाख घालून, छोट्या शहरात चालत होता. पोशाख दोन मीटर धरला तर प्रमाण १ : २५. आता २ मीटरवरून वस्तू ०.६४ सेकंदात पडते आणि ५० मीटरवरून ३.२ सेकंदांत, म्हणजे पाचपट वेळ, कारण २५ चं वर्गमूळ ५. म्हणूनच स्पेशल इफेक्ट्सचे एइजी त्सुबुराया अशी दृश्यं जास्त वेगाने चित्रित करून पडद्यावर संथ दाखवत. संथपणामुळेच डोळ्यांना वजन जाणवतं. गेममधल्या गॉडझिलाची चाल त्याच पोशाखातल्या माणसाची आहे. ती चपळ केली असती तर तो इमारतींमध्ये उड्या मारणारा पाल वाटला असता.

मग समीक्षक चुकले का? नाही. तेच तेच मिशन आणि वळायची कसरत यांना कोणताच नियम वाचवत नाही. ते दोषच. पण संथ चाल ही आकाराची किंमत आहे. चाहत्यांना हा फरक कळतो. शिवाय बायोलांटे, हेदोरा, जेट जॅग्वार असे जुने चेहरे एकाच गेममध्ये भेटतात, म्हणून बाकीचं ते सोसतात.

आम्ही रोबोचे पाय आखूड केले, अ‍ॅक्रिलिकऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या घातल्या आणि एका वेळी एकच पाय उचलायचा असं ठरवलं. दुसऱ्या रिव्ह्यूत तो आठ पावलं चालला. हळूहळू, पण चालला. सरांनी विचारलं, “इतका स्लो का?” मी म्हणाले, “सर, वजन आहे त्याला.”

मागे उभी असलेली रूममेट खुदकन हसली. तिची माफी मी त्याच रविवारी कॉमन रूममध्ये, सगळ्यांसमोर मागितली. तर दोस्तांनो, मॉडेल मोठं करण्याआधी एकदा घन करून बघा. आणि कुणाच्या आवडीला हसण्याआधी कारण विचारा!